झिऱ्यावर आधी रेवजी

आमच्या मळ्यावर एकतीस वर्षं एक नियम चालला. सकाळी झिऱ्यावर आधी रेवजी जाणार. तो परत येऊन ओट्यावर टेकला, तंबाखू मळायला लागला, की मग बाकीच्यांनी घागरी उचलायच्या. मला हा नियम लहानपणापासून खुळचट वाटायचा. शाळेला उशीर होतोय, आंघोळीचं पाणी अडलंय, आणि हा माणूस तिकडे रेतीत उकिडवा बसून काय बघतोय देव जाणे! एकदा चिडून मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारलं, "झिरा काय त्याना बापना शे का?"

आप्पा म्हणाले, "बापना नही. पन पहिले तोच जाई."

विषय संपला. कारण काय, हे त्यांनीही त्याला कधी विचारलं नसावं.

आमचा मळा तापीच्या उत्तर काठावर, दरखेड्याच्या शिवारात. आम्ही गुजर पाटील. केळी, ऊस, थोडी पपई. नदी आता वाहताना दिसत नाही. खाली बॅरेज झाल्यापासून पाणी फुगून थांबलेलं असतं, हिरवट, वर शेवाळ. ते प्यायचं म्हटलं तर म्हैससुद्धा विचार करील. पण मळ्याच्या कडेनं एक नाला येऊन तापीला मिळतो, आणि त्याच्या तोंडाच्या थोडं वर, जांभळांच्या सावलीत, रेतीची जागा आहे. तिथं हातभर उकरलं की पाणी झिरपून वर येतं. तोच झिरा. भर मे महिन्यात गावातल्या बोअर कोरड्या पडल्या तरी तो कधी आटला नाही. मात्र रोज सकाळी जुनं पाणी वाटीनं उपसून टाकावं लागतं, तेव्हा कुठे नवं येतं. हे उपसणं रेवजीचं काम.

आता जिथं गोड पाणी, तिथं काय आम्हीच एकटे येणार? रोही, म्हणजे नीलगाय, यायची, कोल्हे यायचे, साळिंदर, मोर, आणि उसात राहणारा बिबट्याही यायचा, ज्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. रेवजी रोज दिवस मावळायच्या आधी झाऊची एक फांदी घेऊन झिऱ्याभोवतीची रेती सपाट करायचा, बायका अंगण झाडतात तशी. सकाळी त्या रेतीवर सगळी वर्दळ उमटलेली असायची. कोण आलं, किती जण आले, पाणी पिऊन कुणीकडे गेले, घाईत होते की निवांत. तो ते बघायचा, मग पाणी उपसायचा, आणि ओट्यावर येऊन फार तर एखादं वाक्य टाकायचा. "आज केयीकडे बायासले धाडू नका." म्हणजे केळीकडे आज बायकांना पाठवू नका. किंवा, "ऊस दुपारनंतर तोडा." का, ते सांगायचा नाही. सांगितलं असतं तर निम्मे मजूर दुसऱ्या दिवशी आलेच नसते. मजूर निमूटपणे ऐकायचे आणि मी हसायचो. इतक्या वर्षांत आमच्या मळ्यावर एका माणसाच्या अंगावर ओरखडा उठला नाही, आणि मी त्याला नशीब म्हणत होतो.

रेवजी मूळचा धडगावच्याही वरच्या एका पाड्यावरचा, पावरा आदिवासी. एकोणिसाव्या वर्षी बायकोला, शोभाबाईला, घेऊन ऊसतोडीला खाली उतरला आणि आमच्याकडे सालदार म्हणून राहिला. आमच्या भागात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. त्या दिवशी मालकानं त्याला नवे कपडे द्यायचे, घरात बसवून आमरस आणि सांजोऱ्या वाढायच्या आणि विचारायचं, "ऱ्हाशी का?" तो "ऱ्हासू" म्हणाला की वर्षभराचं पक्कं. आप्पा दर वर्षी विचारायचे, आणि रेवजी तोंडातला घास न थांबवता "ऱ्हासू" म्हणायचा.

शोभाबाई तापानं गेली ती इथंच, मळ्यावरच्या कौलारू घरात. मीना, त्यांची एकुलती मुलगी, जन्मली तीही इथंच. तिला खापर गावाकडे दिली होती. नवरा अपघातात गेला आणि ती परत बापापाशी आली. वरती पाड्यावर भावांनी जमीन केव्हाच वाटून घेतली होती. रेवजीचं म्हणावं असं जगात काय होतं? आमच्या मळ्यावरच्या दोन खोल्या, आणि मळ्यावर त्याच्या शब्दाला असलेला मान. तेवढंच, पण त्यात तो राजा होता. वर्षातून चार दिवस डोंगरातल्या काठी गावच्या होळीला जायचा, बाकी तीनशे एकसष्ट दिवस मळा सोडायचा नाही. "मरसू बी आठेच," म्हणजे मरेनही इथंच, असं तो इतक्या सहज म्हणायचा की जणू आज भाजी कसली हेच विचारतोय.

मला तापीत पोहायला त्यानंच शिकवलं. पहिल्या दिवशी मी घाबरून त्याच्या कानाला कडकडून चावलो होतो. त्याची खूण अजून आहे त्याच्या कानावर. हे सगळं मी का सांगतोय? पुढचं वाचताना तुम्हाला माझा जो राग येईल, तो अर्धवट येऊ नये म्हणून.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. सुरतेला मामेभावाकडे गेलो होतो. तिथल्या लोकांना शनिवार-रविवार शहरातून पळायची घाई, आणि पळायला जागा नाही. म्हटलं, आपल्याकडे जागाच जागा आहे. नदीच्या अंगाला चार घरं बांधली, बाहेरून कौलं, आतून सगळ्या सोयी. मोबाइलवर जाहिरात टाकली: तापीकाठचा मळा, राहायला टुमदार घरं, वन्यप्राणी, नैसर्गिक पाणी. माझी बायको काजल ती वाचून म्हणाली, "वन्यप्राणी म्हंजे कोन? तू का?"

लोक आले. अगदी रांग लागली म्हणत नाही, पण थंडीत घरं भरायला लागली. मीना स्वयंपाक करायची. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी. तिची भाकरी चुलीवर फुगताना लोक मोबाइल घेऊन भोवती उभे राहायचे आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. झिऱ्याचं पाणी पिऊन बाटल्या भरून न्यायचे. तक्रार एकच होती: झिऱ्यावर उतरायला धड वाट नाही, पायांना रेती लागते, म्हाताऱ्यांना बसायला जागा नाही.

मग मी फरशी बसवायची ठरवली. झिऱ्याला सिमेंटचा कठडा, भोवती सगळी रेती झाकून फरशी, वरून उतरायला पाच पायऱ्या, दोन बाजूंना दोन दिवे. मिस्तरी आला त्या दिवशी रेवजी माझ्यापाशी आला. तो सहसा माझ्याकडे येत नसे, त्याचं जे काही असे ते आप्पांकडे.

"भाऊ, रेती ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बाकी तुले जे करनं ते कर."

"कसाले?"

"माले देखनं पडस."

"काय देखनं पडस? आते लाइट लाई दिसू. कॅमेरा लाई दिसू. मोबाइलवर देखत बठजो खाटवर."

"लाइटवर वाघ बी दिखी, भाऊ. पन तो कोनीकडे गया ते लाइट कशी सांगी?"

मिस्तरी हसला, म्हणून मीही हसलो. फरशी झाली. कॅमेरा मागवला, तो आला, आणि खोक्यातच राहिला, कारण दिवाळीची गर्दी सुरू झाली होती.

रेवजीनं तरी हार मानली नाही. नाल्याच्या वरच्या अंगाहून टोपल्यांनी रेती आणून त्यानं पायऱ्यांच्या खाली आणि फरशीच्या कडेनं हातभर रुंद पट्टा पसरला. सुरतेच्या एक बाई त्यावरून घसरल्या. मी मीनाला ती रेती झाडून काढायला लावली. चार दिवसांनी त्यानं पुन्हा टाकली. मी पुन्हा काढायला लावली, आणि या वेळी पाहुण्यांसमोर त्याला बोललो, "रेवजीबा, हाऊ पोरखेळ बंद कर आते." तो टोपली उपडी ठेवून निघून गेला.

त्यानंतर तो सकाळी नाल्यात बराच वर, जिथं फरशी संपून रेती सुरू होई, तिथं जाऊन बघायला लागला. त्याला वेळ जास्त लागायचा. आणि तिथून दिसायचं ते अर्धंच. कोण नाला ओलांडून पलीकडे गेलं आणि कोण खाली झिऱ्याकडे उतरलं, हे आता त्याला सांगता येत नव्हतं. ओट्यावर बसून तो पूर्वीसारखं एक वाक्य टाकत नसे. नुसता तंबाखू मळत बसायचा. मला वाटलं, म्हातारा रुसलाय.

डिसेंबरच्या शेवटी सुरतेचीच एक मोठी मंडळी आली. दोन कुटुंबं, अकरा माणसं. त्यांना सकाळी नदीवर पक्षी बघायचे होते, त्याआधी सहाला चहा हवा, आणि तो झिऱ्याच्या ताज्या पाण्याचा हवा. संध्याकाळी मी चुलीपाशी जाऊन मीनाला सांगितलं, "सकाय सहाले च्या पाहिजे. पाचलेच पानी लई ये."

"बाबा देखी येवाशिवाय?" तिनं विचारलं.

"बाबानी वाट देखत बठू नको. लाइट शे ना तठे. बाबाले मी सांगस."

मी बाबाला सांगितलं नाही. मुद्दाम नाही टाळलं. पाहुण्यांबरोबर शेकोटीला बसलो आणि विसरलो. विसरलो, हे मला आजही खरं वाटतं. पण सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि मला ते ऐकायचं नव्हतं, हेही खरं आहे.

पहाटे सव्वापाचला मी ओरडणं ऐकून उठलो. मीना पायऱ्या उतरून घागर बुडवायला वाकली होती, आणि बिबट्याची मादी कठड्याच्या पलीकडे पाणी पीत होती. दिव्याचा उजेड मीनाच्या पाठीवर, समोर तिचीच सावली, त्या सावलीत मादी तिला झडप पडेपर्यंत दिसली नाही. मी पोहोचलो तेव्हा रेवजी तिथं आधीच पोहोचला होता. तो वर नाल्यात बॅटरीच्या उजेडात माग बघत होता, तिथून तो काठी घेऊन ओरडत धावला आणि त्या आवाजानं मादीनं मीनाला सोडलं. मीनाचा डावा खांदा, दंड आणि गाल. रेवजीनं आपलं धोतर फाडून तिच्या दंडाला गच्च बांधलं होतं आणि तो तिच्याशी पावरी बोलीत सारखं काहीतरी बोलत होता. मला त्यातलं काही कळलं नाही. गाडीत नंदुरबारपर्यंत तो तसाच बोलत राहिला.

हात वाचला. पण डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. गालावरची खूण डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली आहे. भाकरी थापायला दोन हात लागतात, हे मला त्या दवाखान्यात बसून पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं पंचनाम्याला आली. मळ्याच्या अंगणात गावातली वीस-पंचवीस माणसं जमली, आप्पा खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी उभा, रेवजी शेवग्याच्या झाडाखाली. मीना दवाखान्यातच होती. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "इतक्या अंधारात बाईला एकटीला पाण्याला कुणी पाठवलं?"

मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडे पद्धत आहे. आधी रेवजी बघून येतो, मगच कुणी जातं. त्या दिवशी त्यानं बघितलं नाही."

पहिली दोन वाक्यं खरी होती, म्हणून तिसरं खपलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मी विचार करून बोललो. पाहुणे ठेवायचं बंद पडेल, माझ्यावर केस होईल, आप्पांना चौकात मान खाली घालावी लागेल, हे सगळं माझ्या डोक्यात ओळीनं येऊन गेलं, आणि मग मी बोललो.

साहेब रेवजीकडे वळले. "काय बाबा, खरं का?"

रेवजीनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यानं "नही" म्हटलं असतं तर सगळं तिथंच उलटलं असतं, कारण आख्ख्या गावात रेवजी खोटं बोलतो असं म्हणणारा एकही माणूस नव्हता. मग तो साहेबांकडे वळून म्हणाला, "हा साहेब. चूक मन्ही शे."

रेवजीची चूक, असं साहेबांनी लिहून घेतलं. मला बरं वाटलं, हेही लपवत नाही. त्या क्षणी मला खूप बरं वाटलं.

पिंजरा लागला. महिनाभरानं एक मादी सापडली, तिला गाडीत घालून कुठेतरी लांब नेऊन सोडली. पाहुणे यायचे थांबले नाहीत, उलट चार जण जास्त आले, बिबट्याची जागा दाखवा म्हणून. मीना घरी आली. खरं काय ते तिला ठाऊक होतं, कारण पाचला पाणी आणायला मी तिलाच सांगितलं होतं. पण बापानं गावासमोर एकदा म्हटलं, त्याच्या पुढे ती गेली नाही. माझ्यासमोर आली की ती मान वळवून घ्यायची, गालामुळे असेल असं मी म्हणायचो.

बदललं ते रेवजीचं. पिठाच्या गिरणीवर, चहाच्या टपरीवर एकच बोलणं: सख्ख्या पोरीला सांभाळलं नाही, मळा काय राखणार. फेब्रुवारीत एका सकाळी त्यानं मजुरांना सांगितलं, "आज खालना उसमा जाऊ नका." तेव्हा तोडीवाल्यांतला एक पोरगेला गडी हसून म्हणाला, "रेवजीबा, पहिले आपलं घर देख." सगळे हसले आणि उसात गेले. काही झालं नाही. काही झालं नाही, हेच वाईट झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं कुणी ऐकेना. तो बोलायचा, लोक कोयते उचलून चालू पडायचे. एकतीस वर्षं ज्याच्या एका वाक्यावर मळा चालला, तो माणूस आता ओट्यावर बसून स्वतःशी पुटपुटायचा. मी ते रोज बघत होतो. माझ्या एका वाक्यानं ते थांबलं असतं.

होळीला तो दर वर्षीप्रमाणे काठीला निघाला, या वेळी मीनाला घेऊन. जाताना दोन्ही खोल्या सारवून त्यानं किल्ली काजलच्या हातात दिली. काजल संध्याकाळी मला म्हणाली, "चार दिवससाठे कोनी किल्ली देस का? खरं सांग, त्या दिनले काय व्हयनं?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ताटं वाढायला घेतली. तेव्हापासून ती माझी थट्टा करत नाही.

चार दिवसांचे आठ झाले, मग महिना झाला. रेवजी आला नाही. आखाजी तोंडावर आली तशी आप्पांनी मला बोलावलं. त्यांना वाटत होतं, पोरीचं झालं ते रेवजीनं मनाला लावून घेतलंय. "तू जाय," ते म्हणाले. "आवंदा तू ईचार त्याले. तुन्हं तो टाळाव नही."

मी धोतरजोडी, सदरा, मीनासाठी लुगडं आणि काजलनं केलेल्या सांजोऱ्यांचा डबा घेऊन निघालो. धडगावला गाडी लावली, पुढे जीपमध्ये दाटीवाटीनं तासभर, आणि मग पाऊण तास चढण. ऊन असं की टेकड्या पांढऱ्या दिसत होत्या. एका भावाच्या घराला लागून कुडाची एक पडवी होती, तिच्यात रेवजी बसला होता, सुतळ घेऊन दोर वळत. आत मीना चुलीपाशी. तो बराच वाळला होता.

"उना का, भाऊ? बठ," तो म्हणाला. जणू मी शेजारच्या शेतातून आलोय.

पाणी प्यायलो. कपडे समोर ठेवले. आप्पा विचारतात तसंच विचारायचं ठरवून आलो होतो. "आखाजी शे, रेवजीबा. ऱ्हाशी का?"

तो दोर वळत राहिला. माझ्याच्यानं राहवेना. जे विचारायचं ठरवलं नव्हतं ते विचारलं. "त्या दिनले तू कसाले सांगं, चूक मन्ही शे म्हनीसन?"

"साहेबनी ईचारं, तवय मी तुन्हाकडे देखी ऱ्हायंतू," तो म्हणाला. "म्हटलं, आते बोली. आते बोली. तू बोलना नही. मंग कोनी तरी बोलनंच पडे ना, भाऊ. इतला मानसे उभा व्हतात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झालो असतो. मी म्हणालो, "फरशी उखडी टाकस. सगळी. रेती आनीसन टाकस, पहिले व्हती तशी."

"फरशीनं काय. ती तू कवयबी काढशी." त्यानं दोर बाजूला ठेवला. "पन मी तठे ईसन काय करू? मन्हं आते कोन आयकस? मी म्हनसू, उसमा जाऊ नका. त्या हसतीन आनि जातीन. मंग एक दिन खरंच कोनाले तरी धरी वाघ. अशी राखन कसाले करनी?"

तो खरंच येऊ शकत नव्हता. कपडे, सांजोऱ्या, आप्पांचा निरोप, यातलं काहीही त्याला परत आणू शकत नव्हतं. त्याचा शब्द मी घेतला होता, आणि तो माझ्याजवळच होता.

मीना बाहेर आली. उजव्या हातात ताट, त्यात दोन भाकरी. थापलेल्या नव्हत्या, परातीत एका हातानं दाबून केलेल्या, कडा जाड आणि फाटलेल्या. ताट माझ्यासमोर ठेवून ती समोरच बसली. या वेळी तिनं मान वळवली नाही. तिचा सगळा चेहरा मला दिसला.

"खा, भाऊ," ती म्हणाली. मग म्हणाली, "चौकमा सांगशी का? मीनाले मी धाडी व्हती, येवढंच. दुसरं काही नको. तेवढं सांगं तं बाबा उतरी खाले."

"सांगसू," मी म्हणालो.

"नक्की?"

"हो."

रेवजीनं कपड्यांची घडी नीट केली आणि माझ्या पिशवीत परत ठेवली. "सांगीसन मंग लई ये," तो म्हणाला. "मी आठेच शे." मी त्या भाकरी खाल्ल्या. ताटात काही टाकायची हिंमत नव्हती.

त्याला आता तीन महिने होत आले. मी फरशी उखडली. दिवे काढले. रेती टाकली. पाहुणे ठेवायचं बंद केलं, गावात सांगितलं की आता झेपत नाही. सालदार दुसरा ठेवला नाही. जे जे एकट्यानं गुपचूप करता येण्यासारखं होतं, ते सगळं मी केलं. मला स्वतःची लाज वाटते, आणि ती लाजही मी घरातच बसून बाळगतो.

मळ्यावरून बाहेर पडायची वाट दरखेड्याच्या चौकातून जाते. दुसरी वाट नाही. पारावर कायम आठ-दहा माणसं असतात, त्यातली बरीचशी त्या दिवशी आमच्या अंगणात होती. परवाही एकानं हाक मारली, "काय नवनीतभाऊ, रेवजी उना का?"

मी गाडी थांबवली. काच खाली केली. सगळे माझ्याकडे बघत होते.

"नही ना," मी म्हणालो. "पोरीनं जे व्हयनं, ते मनले लाई लिधं त्यानी."